बोटभर मासे

लाँचला उशीर होता. धक्क्यावरच्या बाकावर बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या मच्छीमाराचं आणि मासळीवर संशोधन करणाऱ्या त्याच्या लेकीचं बोलणं पडत होतं.

“पाण्यात आवाज सोडून मासा मोजता म्हणे तुम्ही लोक?”

“हो बाबा. आवाज माशावर आपटून परत येतो. मोठ्या माशावरून जोरात, बारक्यावरून अगदी क्षीण. त्यावरून आकाराचा अंदाज येतो.”

“मग आपल्या खाडीत काय निघालं?”

“सगळे बोटभर.”

“पिल्लं असतील. वाढतील की.”

“आम्हालाही तसंच वाटलं. म्हणून थोडे धरून चिरून बघितले. पोटं अंड्यांनी भरलेली.”

“एवढ्याशा माशाला गाबोळी?”

“पूर्ण वाढलेत ते, बाबा. मोठे आपण केव्हाच ओढून काढले. बारकेच उरले, त्यांची पिल्लंही एवढीच होतात.”

“तुमचं यंत्र चुकलं असेल.”

“यंत्र चुकेल. गाबोळी कशी चुकेल?”

म्हाताऱ्यानं खिशातला फोन काढून लेकीसमोर धरला.

“तुझ्या धाकट्या भावाला फोन लाव. म्हणावं, नोकरी सोडू नकोस.”

“त्यानं सोडली, बाबा. म्हणून तर तुम्हाला धक्क्यावर घेऊन आले. होडी नुसती कुजतेय, घरी ये, असं तुम्हीच म्हणालात ना?”

“मीच म्हणालो.”

“ती बघा, लाँच आलीच. पुढेच उभाय तो, सगळं सामान घेऊन. हसतोय.”

“हात हलव. बघतोय तो.”

“त्याला सांगायचं कसं?”

“आज नको. आज पोटभर जेवू दे त्याला.”