लिफ्ट दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांमध्ये थांबवल्याबाबत

जबाब देणार: लिफ्टवाले मिस्त्री (सगळी इमारत याच नावाने ओळखते), वय ६८ वर्षे, धंदा: लिफ्ट दुरुस्ती, आता निवृत्त, राहणार: बाजारामागची चार मजली इमारत, दुसरा मजला, जिन्यासमोरचे घर.

ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्या दडपणाशिवाय सांगतो की, मी वरील ठिकाणी दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडे व विधवा बहीण यांच्यासह राहतो. माझ्यासह एकूण माणसे अकरा, खोल्या तीन, न्हाणीघर एक. माझा बिछाना बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली असतो व सगळ्यांचे बघून झाल्यावर घातला जातो. माझी कोणाबद्दल तक्रार नाही. माणसे प्रेमळ आहेत, फक्त संपत नाहीत. माझी पत्नी नऊ वर्षांपूर्वी वारली. लिफ्टच्या मोटारींच्या आवाजात जन्म गेल्याने मला डाव्या कानाने कमी ऐकू येते, तरी प्रश्न मोठ्याने विचारावेत.

चौथ्या मजल्यावरच्या बाई, वय ६३, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटर, यांना मी तीन वर्षांपासून ओळखतो. नाते: शेजारीण. त्यांच्या घरी मुलगा, सून, जुळी नातवंडे, शिवाय आठ दिवसांसाठी आलेले व्याही व विहीणबाई आहेत. त्या आठ दिवसांना आता दीड वर्ष झाले. चहा टाकायचा तर त्यांच्या स्वयंपाकघरात नंबर लागतो. बाई एकदा आमच्याकडे बसायला आल्या होत्या. नंतर जिन्यात मला म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या घरी एकाला काही विचारलं की पाच जण उत्तर देतात." गच्चीवर मुले खेळतात. बागेतल्या बाकावर माझी बहीण बसते.

म्हणून मी पुढीलप्रमाणे व्यवस्था केली. दर बुधवारी दुपारी साडेतीनला बाई 'वाचनालयात जाते' असे घरी सांगून चौथ्या मजल्यावरून लिफ्टने निघत. मी तळमजल्यावर 'तपासणी चालू आहे' ही पाटी लावून दुसऱ्या मजल्यावर लिफ्टमध्ये चढत असे. लिफ्ट वर घेऊन दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांमध्ये लाल बटण दाबून थांबवायची व वीस मिनिटांनी सोडायची. असे सात महिने चालले. मांजर डोळे मिटून दूध पिते, तसेच हे होते. इमारतीच्या सेक्रेटरींनी सभेत माझ्या निःस्वार्थ सेवेबद्दल आभार मानले, तेव्हा मी मूग गिळून बसलो होतो, हेही सांगतो.

त्या वीस मिनिटांत काय करत होता, असे विचारले. चहा पीत होतो. बोलत होतो. कधी कधी बोलत नव्हतो.

आज बुधवारी लिफ्ट थांबल्यावर बाईंनी सांगितले की, जागा पुरत नाही म्हणून पुढच्या महिन्यात त्यांना मुलीकडे, दुसऱ्या गावी पाठवायचे ठरले आहे. मी म्हणालो, "ठरलंय की ठरवलंय?" त्या म्हणाल्या, "मला सांगितलंय." मी त्यांना एक गोष्ट विचारायला महिनाभर टाळाटाळ करत होतो. ती आता विचारणार, इतक्यात पंखा बंद पडला व अंधार झाला. वेळ तीन वाजून बेचाळीस मिनिटे.

नंतर समजले ते असे. माझा थोरला मुलगा आज कामावरून लवकर आला. पाटी दिसली, लिफ्ट मध्येच उभी दिसली, मी कुठे दिसलो नाही. मी तोल जाऊन लिफ्टच्या खड्ड्यात पडलो असे त्याला वाटले. लिफ्टचे काही बिघडले तर आधी मेन स्विच बंद करायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, मग बोंब मारायची, हे मीच त्याला लहानपणापासून शिकवले आहे. त्याने तसेच केले. मग अग्निशामक दलाला व आपल्या ठाण्याला फोन केला आणि खड्ड्यात टॉर्च मारून "बाबा, बाबा" अशा हाका मारू लागला.

त्या हाका मला उजव्या कानाने स्पष्ट ऐकू येत होत्या. मी ओ दिली नाही. आमच्यासारख्यांना लोक म्हातारचळ लागला म्हणतात. मला म्हणाले तर चालेल, बाईंना म्हटलेले मला चालणार नव्हते. बाई म्हणाल्या, "अहो, मुलगा आहे तो तुमचा. रडतोय तो." तरी मी गप्प राहिलो. याची मला लाज वाटते, ती जबाबात घ्यावी.

मग बाईंनीच हाक दिली. "तुमचे बाबा इथे आहेत. सुखरूप आहेत. माझ्याजवळ आहेत." टेलिफोनवर पस्तीस वर्षे काढलेला आवाज आहे. तो चारही मजल्यांवर ऐकू गेला.

जवानांनी सव्वाचारला दार उघडले. जिन्यात सगळी इमारत उभी होती. मुलाने मला मिठी मारली व सोडेना. आत दोन घडीची स्टुले, थर्मास, दोन कप व एक उशी मिळाली. बाई योगायोगाने अडकल्या, असे मी तेव्हा सांगितले, ते खोटे होते. तसेही उशीच्या अभ्र्यावर माझ्या बहिणीचे भरतकाम असून तो तिने लगेच ओळखला.

लिफ्ट मुद्दाम थांबवली हे मला मान्य आहे. बटण मीच दाबत होतो, बाईंचा दोष नाही. सेक्रेटरींची जी तक्रार असेल ती माझ्यावर घ्यावी.

काय विचारणार होता, असे विचारले. त्याचा या घटनेशी संबंध नाही, असे मी म्हणालो. हवालदार म्हणाले, "काका, कारण लिहावंच लागतं." तर लिहावे. मी ज्या लिफ्टच्या कारखान्यात काम करत होतो त्याच्या मागे एक खोली मिळते आहे. खिडकी पूर्वेला आहे. दाराला आतून कडी आहे, ती मी स्वतः लावून पाहिली. लग्न करून तिथे माझ्याबरोबर राहाल का, असे विचारणार होतो. पाऊण तासभर... नाही, तेहतीस मिनिटे अंधारात शेजारी बसूनही विचारले नाही, कारण त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

हा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. माझ्या कानामुळे तो मोठ्याने वाचावा लागला, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्या दोन्ही घरच्या मंडळींनी तो ऐकला. बाई उठून आत आल्या व म्हणाल्या, "यात दोन चुका आहेत."

पहिली: गेले सहा बुधवार लाल बटण त्या दाबत होत्या. हे खरे आहे.

दुसरी: "वर 'शेजारीण' लिहिलंय, ते खोडा." हवालदारांनी विचारले, "मग काय लिहू?" बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता दिसतोय ना चेहरा? मग विचारा."

मी विचारले. दोन्ही दुरुस्त्या केल्या असून खोडलेल्या शब्दाशेजारी आम्हा दोघांच्या सह्या आहेत. आता जबाब बरोबर आहे.