हात न टेकता

ऑपरेटरबाई : म्हणजे इंजेक्शन नाही.

डॉक्टर : नाही.

ऑपरेटरबाई : आणि गोळ्या?

डॉक्टर : गुडघा फारच ठणकला तर एखादी. रोजची मूठभर बंद.

ऑपरेटरबाई : गोळ्यांच्या कंपनीशी बिनसलं वाटतं तुमचं. दवाखान्याला कुलूप लावून, गावभर प्रशिक्षण-प्रशिक्षण करून तुम्ही शिकून आलात काय, तर खुर्चीवर बसा, खुर्चीवरून उठा. हे माझ्या आईनं मला शिकवलंय, दात यायच्या आधी.

डॉक्टर : हात न टेकता उठायचं, बाई. खरी गोम तिथं आहे. आणि बसताना धपकन नाही, सावकाश.

ऑपरेटरबाई : तुम्हाला येतं?

डॉक्टर : व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच सकाळी तेच करायला लावलं. खोली भरून आम्ही गल्लीबोळातले डॉक्टर, सगळ्यांची पोटं सुटलेली. निम्मे कण्हत होते. एक तर उठलाच नाही. म्हणाला, मी निरीक्षण करतो.

ऑपरेटरबाई : तो तुम्हीच.

डॉक्टर : मी उठलो. दुसऱ्या खेपेला.

ऑपरेटरबाई : हं. आता खरं बोला. कुणी सांगितलंय तुम्हाला?

डॉक्टर : काय सांगितलंय?

ऑपरेटरबाई : उभा जन्म टेलिफोनच्या बोर्डावर काढलाय मी. माणूस ‘हॅलो’ कसं म्हणतो त्यावरून त्याच्या घरात काय जळतंय ते कळायचं. तुमच्या तोंडून आज दुसरंच कुणीतरी बोलतंय. इतकी वर्षं मी गुडघा म्हटलं की तुम्ही मान वर न करता सुई भरायचात. मागच्या खेपेपासून काय अंगात आलंय? गुडघा वाकवून बघता, मांडी दाबून बघता.

डॉक्टर : झिजलेलं भरून येत नाही, बाई. पण मांडी दांडगी झाली की गुडघ्याचा भार ती उचलते.

ऑपरेटरबाई : आणि इतकी वर्षं मला मांडी नव्हती?

डॉक्टर : होती. बघायचं कुणी शिकवलं नव्हतं.

ऑपरेटरबाई : बरं, तेही सोडा. मगाशी विचारलंत ते कशासाठी? ‘गुडघा साथ द्यायला लागला की काय करायचंय?’ हा काय दवाखान्यात विचारायचा प्रश्न झाला?

डॉक्टर : आता विचारतो सगळ्यांना. कुणाला बाजारात जायचं असतं, कुणाला नातवंडाला कडेवर घ्यायचं असतं. ज्याला जे हवं, तसा व्यायाम.

ऑपरेटरबाई : पोलीसही आधी असंच गोड विचारतात.

डॉक्टर : उत्तर दिलं नाहीत अजून.

ऑपरेटरबाई : माझं काही अडलेलं नाही. बरं होऊन कुठे वरातीत नाचायचंय मला?

डॉक्टर : लोक म्हणतात बरं करा. बरं होऊन काय करू म्हणणारं माणूस आज पहिल्यांदा बघतोय.

ऑपरेटरबाई : शब्द फिरवू नका.

डॉक्टर : मागच्या खेपेला दिलेले व्यायाम केलेत?

ऑपरेटरबाई : केले की. रोज.

डॉक्टर : मग दाखवा. ही टेबलावर चढायची पायरी मधे ओढलीय. एक पाय वर, मग दुसरा. भिंतीला धरा.

ऑपरेटरबाई : आई गं. नाही जमत. बघा ना, कसा लटपटतोय.

डॉक्टर : तुमचा दुखरा गुडघा कुठला?

ऑपरेटरबाई : डावा. तुमच्या कागदावर असेल.

डॉक्टर : लटपटला तो उजवा.

ऑपरेटरबाई : ...शेजारी राहतात ते. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं.

डॉक्टर : बसा खाली. पायरी ठेवतो बाजूला.

भावजय : (दार किलकिलं करून) वन्सं, झालं का? येऊ आत?

ऑपरेटरबाई : तुला बाहेर बस म्हटलं होतं ना? दाराला कान लावलेस का? ये, आता आतच ये. सगळं तुझंच कारस्थान आहे, तोंडावरच बोलू.

डॉक्टर : बाई.

ऑपरेटरबाई : काय बाई-बाई लावलंय?

डॉक्टर : ताडकन उभ्या राहिलात. हात कुठंच टेकला नाहीत.

ऑपरेटरबाई : रागाच्या भरात माणूस काहीही करतो.

भावजय : मग घरात फार राग येतो म्हणायचा. परवा वरच्या फळीवरचा डबा खाली आला, तो काय पंख फुटून? मी बाहेर गेले की या चालतात, मी आले की लंगडतात.

ऑपरेटरबाई : ऐकलंत? पाळत आहे माझ्यावर. आता स्पष्टच सांगते. माझी खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्यात पडले तेव्हा भाऊ म्हणाला, ताई, गुडघा बरा होईपर्यंत आमच्याकडे राहा. ‘होईपर्यंत’. तो शब्द मी विसरलेले नाही. एकट्या बाईचं दुखणं म्हणजे भाड्याची जागा असते, डॉक्टर. दुखणं संपलं, जागा खाली करा. तुम्ही मला पायऱ्या चढायला शिकवणार आणि ही माझी बॅग भरणार. विचारलंत ना काय करायचंय? चौथ्या मजल्यावर जाऊन भिंतीशी बोलायचंय. लिहून घ्या.

डॉक्टर : वहिनी, आता तुम्हीच बोला. तुमचा फोन आला होता, ते मी लपवणार नाही.

ऑपरेटरबाई : आला होता. मी म्हटलं नव्हतं?

भावजय : केला होता मी. म्हटलं, दोन जिने चढता येतील एवढं करा.

ऑपरेटरबाई : दोन? माझा मजला चौथा. अर्ध्यात बसून राहू का?

भावजय : तुमच्या खोलीचं कोण बोलतंय? घरमालकानं आमचं तळमजल्याचं घर परत मागितलंय. नवं मिळतंय ते दुसऱ्या मजल्यावर. तिथंही लिफ्ट नाही.

ऑपरेटरबाई : आणि हे मला कुणी सांगितलं नाही.

भावजय : तुमचे भाऊ म्हणाले, आत्ता बोललो तर ताई म्हणेल, मला जिना चढवत नाही, मी आपली माझ्या खोलीवर जाते. आणि तुम्ही गेला असतात.

ऑपरेटरबाई : चौथा मजला चढून?

भावजय : हट्टानं चढला असतात. लंगडायचंही विसरून.

डॉक्टर : फोनवर तुम्ही मला घराचं काही बोलला नाहीत, वहिनी.

भावजय : तुमच्या पोटात राहिलं नसतं. आजच बघा ना.

ऑपरेटरबाई : खोल्या किती?

भावजय : तीन.

ऑपरेटरबाई : तुम्हा दोघांना तीन कशाला?

भावजय : तिसरीची खिडकी रस्त्यावर उघडते. खालचं बोलणं वर ऐकू येतं. तुम्हाला दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय झोप कुठे लागते?

ऑपरेटरबाई : गोड बोलणारे बोर्डावर पुष्कळ ऐकलेत मी. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय यातलं एक अक्षर खरं मानणार नाही.

भावजय : मानू नका. बघायला चला. किल्ली आहे माझ्याकडे. जिना मात्र तुम्हालाच चढावा लागेल.

ऑपरेटरबाई : ...डॉक्टर, ती पायरी सरकवा जरा इकडे.