रोशनीची पपई

काटोलच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नागपुरात पिकाच्या डॉक्टरला पपईचं पिवळं, सुरकुतलेलं पान दाखवून दोघं गावी परतत होते. रामाजी आणि जयवंता ही नावं मीच ठेवली. बाकी एक अक्षरही माझं नाही, संत्र्याची शपथ.

“ऐकलं ना वं, जयवंता? वायरस हाय. त्याले औषध नाही.”

“मंग मी झाडाले टांगलेली चप्पल?”

“थे नजरेसाठी. मावा किडा चप्पल पाहून भेत नाही. रोगट झाडाचा रस पेते अन् दुसऱ्यावर जाऊन बसते.”

“पण थे झाड आपल्या रोशनीनं लावलं हाय. सासरी जायच्या दिवशी.”

“थे ठेवलं त बाकीची वीस जातीन.”

“मी नाही तोडू देत. रोज पाणी टाकताना बोलते मी त्याच्याशी.”

“मी कालच उपटलं. तू भजनाले गेली होती तवा. पुरून टाकलं.”

“अन् मले आज इतक्या दूर काहून आणलं?”

“साहेबाच्या तोंडून ऐकवाले. माह्यं ऐकलं असतं काय तू?”

“सरका तिकडे. मले नाही बोलाचं.”

“बोल ना वं. हे पुडी घे.”

“काय हाय?”

“त्याच झाडाच्या बिया. राखेत सुकवल्या. बियातून हा रोग येत नाही, साहेबाले तीनदा विचारलं. रोशनी दिवाळीले आली का तिच्याच हातानं लावू.”

“तवरक मी कोणाशी बोलू?”

“मी हावो ना वं. फक्त माह्यावर पाणी टाकू नको.”