अक्काची तबकडी

बारामतीच्या स्टँडवर भवानीनगरच्या एसटीची वाट बघत होतो. माझ्या बाकड्यावर एक म्हातारबाबा मांडीवर गाण्याची जुनी रेकॉर्ड जपून धरून बसले होते. शेजारच्या बाईंना राहवलं नाही.

"आबा, येवढं काय हाय त्या तबकडीत?"

"माज्या थोरल्या बहिणीची गवळण हाय. लग्नाआधी पुण्याला जाऊन गायली हुती."

"मग घरात न्हवती व्हय?"

"हुती. फुटली. पुढं अक्काच्या गळ्याचं आपरेशन झालं, आन् आवाजच गेला. तवापासनं हुडकतोय. फलटण, दौंड, जितं भंगाराचं दुकान दिसंल तितं शिरायचं."

"आन् आज घावली!"

"मला कुठली घावतीय? हितल्या भंगारवाल्या लखनला घावली. मागं कवातरी त्याला अक्काचं नाव सांगितलं हुतं. पोरानं ध्यानात ठिवलं, पुसून बाजूला ठिवली आन् फोन केला."

"चांगला मानूस म्हनायचा."

"लई चांगला. त्याच्याच मशीनवर लावली. खरखर हाय, पर आवाज अक्काचाच. मी घरी फोन लावला आन् मशीनपाशी धरला."

"काय म्हनाल्या अक्का?"

"बोलता कुठं येतंय तिला?"

"व्हय की, इसरलेच. मग ऐकलं का न्हाय, कळलं कसं?"

"गाणं सपलं, तर फोनमदनं टाळ्या ऐकू आल्या. अक्कानं ठेका धरला हुता, सोडंचना."

"मग वं?"

"लखननं सुई उचलली आन् गाणं परत पयल्यापासनं लावलं."