विहिरीतलं कोमट पाणी

आमच्या वरच्या वाडीची विहीर मी बंद पाडली. ती राखणदार देवचाराच्या कोपाने बंद पडली नाही, पैसे संपले म्हणूनही नाही, माझ्या एका बोलण्याने बंद पडली, आणि ते बोलणं चुकीचं होतं हे कळल्यावरही मी नऊ वर्षं तोंड उघडलं नाही. तुम्ही लिहून घेताय ना, तर हे आधी लिहा, मग बाकीचं. नाहीतर मी बोलता बोलता दुसरीकडेच निघून जाईन.

मी गोविंद. जन्म इथलाच, कट्टा गावाहून दोन कोस आत, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या, सोळा घरांच्या वाडीत. जन्मताना माझे पाय आधी आले, म्हणून मी पायाळू, आणि पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे कोणाला विहिरीची जागा धरायची असली की मला बोलवायचे, मी अनवाणी फिरायचो आणि एका जागी थांबायचो. काय सांगू तुम्हाला, मला पायातून कधी काही कळलं नाही. उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे ते बघून थांबायचो. दोनतीनदा पाणी लागलं आणि नाव झालं, आणि एकदा नाव झालं की ते उतरवून ठेवायची भीती वाटते, ती भीती फार वाईट.

वाडीला पाणी नव्हतं. बायका कळश्या घेऊन खाली व्हाळावर, ओढ्यावर, उतरायच्या, कातळातली उभी वाट, पावसात शेवाळ, उन्हाळ्यात निसटती खडी. माझा चुलतभाऊ सदादादा, त्याने मनावर घेतलं, घराघरातून माणूस काढला आणि विहीर धरली. जागा मीच दाखवली होती. स्वराज्य येऊन सातआठ वर्षं झाली असतील तेव्हा.

त्याच हिवाळ्यात भूगर्भ खात्याचे एक साहेब आले, नागपूरकडचे, व्हाळाच्या कडेला तंबू ठोकून राहिले. त्यांना दगड वाहायला माणूस हवा होता, मी लागलो. ते हातोडीने दगड फोडायचे, भिंगातून बघायचे, कापडी पिशवीत घालून नंबर टाकायचे, आणि पिशव्या माझ्या डोक्यावर. व्हाळात काळ्या कातळामधून पांढऱ्या गारेची, गारगोटीच्या दगडाची, एक पट्टी जाते, हातभर रुंद, तिच्यात पिवळे चकचकीत कण. मी म्हटलं साहेब, सोनं. साहेब हसले, म्हणाले फोड आणि वास घे. आगपेटीची काडी ओढल्यासारखा वास आला. म्हणाले हे लोखंड आणि गंधक, कुठे कुठे थोडं तांबं. मी विचारलं, हे दगडाच्या पोटात भरलं कोणी?

मग त्यांनी सांगितलं. म्हणाले वरचं पाणी भेगांमधून खोल खोल जातं, तिथे खडकाची धग असते, पाणी भयंकर तापतं, पण वरचा भार एवढा की त्याची वाफ होत नाही. तसलं तापलेलं खारट पाणी खडकातलं लोखंड, तांबं, गंधक विरघळवून घेतं, कणाकणाने, आणि भेगेतून वर चढतं. वर येताना निवतं, भार कमी होतो, मग पोटात घेतलेलं त्याला धरवत नाही, ते भेगेच्या भिंतींना सोडत जातं, गारही सोडतं आणि धातूही, शेवटी भेग भरून येते. मी म्हटलं साहेब, म्हणजे जत्रेतल्या खाज्यासारखं, गुळाचा पाक गरम असतो तोवर पातळ, निवला की शेवेला धरून बसतो. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले गोविंदा, तुला कळलं.

कळलं खरं. पण हे कधी झालं ते मी विचारलं नाही. मला वाटलं पाणी खाली आहे आणि आजही वर चढतंय. आणि ती पांढरी पट्टी व्हाळातून निघून सरळ आमच्या वाडीच्या दिशेने गेली होती. त्या दिवसापासून मी सड्यावर चालताना भेगा बघत चालायचो. घरात जेवायला बसलो तरी पाटाखाली हात लावून बघायचो, सारवलेली जमीन गरम तर नाही. बायको म्हणायची, काय हरवला तुमचा? 

साहेब तंबू हलवून वेंगुर्ल्याकडे गेले आणि पौषात विहिरीला अठरा हातांवर पांढरी गार लागली. तीच पट्टी, तेच पिवळे कण, पहार मारली की तोच काडीचा वास. दुसऱ्या दिवशी पहाटे तळाशी तांबूस पाणी पाझरलं. आमच्या वाडीची रीत अशी की नव्या पाण्यात पहिला पाय पायाळूने घालायचा. सगळी वाडी काठावर, थंडी एवढी की तोंडातून वाफा. दादा म्हणाला, गोयंदा, उतर रे बाबा, बायलमाणसा चढान उतरान म्हातारी झाली. मी दोर धरून उतरलो, पाय सुन्न झालेले, आणि पाण्यात टाकला तर पाणी कोमट.

कोमट. मी ओरडलो, वर ओढा, माका वर ओढा, पाणी तापलेला आसा! वर आलो तेव्हा दात वाजत होते. दादा म्हणाला, सकाळीच पियालस काय? मी साहेबांचं सगळं सांगितलं, खालचं उकळतं पाणी, भेग, गंधक, आणि आता आपण त्याचं बूचच काढतोय. पार्वतीकाकी म्हणाली, मेल्या, मगे चुली कित्याक पेटवतो आमी? हिरीतच तांदूळ सोडूया. लोक हसले, पण हसू टिकलं नाही. दादाची बायको, आमची वयनी, तिने एकटीने सरळ विचारलं, भावजी, तुमी नीट बघलास मा? मी म्हटलं, पायान बघलंय. पायाळूच्या पायावर कोण बोलणार? विहिरीला काटेरी कुंपण घातलं, नारळ ठेवला, आणि बायका पुन्हा व्हाळाला लागल्या. लोक म्हणायचे गोयंदान वाडी वाचवली. कोणी मूल रांगताना रडलं तरी आई आधी जमीन चाचपायची, एवढी भीती मी पेरली होती.

पुढच्या हिवाळ्यात साहेब परत आले. मी त्यांना म्हटलं साहेब, ते पाणी आमच्या विहिरीत आलं. साहेब आधी हसले, मग माझं तोंड बघून थांबले. पहाटे मला तंबूजवळच्या, पलीकडच्या गावच्या जुन्या विहिरीवर नेलं, दोरीला उष्णतामापक बांधून आत सोडला, आकडा मला दाखवला, आणि ओढलेल्या पाण्यात हात घालायला लावला. दुपारी तसाच सोडला, आकडा तोच. मग म्हणाले, आता पुन्हा हात घाल. पहाटे जे पाणी कोमट लागलं होतं ते दुपारी गार लागलं. पाणी बदललं नव्हतं, माझा हात बदलला होता. म्हणाले, अरे बाबा, त्या पट्टीतलं पाणी माणूस जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधी निवलं. विहीर खणा, सुरुवातीचं गंजकं पाणी उपसून टाका, खाली चांगलं लागेल.

मी मान हलवली आणि घरी आलो. आज सांगीन, उद्या सांगीन. लोक म्हणतील पायाळू खोटा, दादा म्हणेल आमची मेहनत मातीत घातलीस. दादाच्या अंगणात दोनदा गेलो, दोनदा सुपारी खाऊन परत आलो. वयनीला तेव्हा दिवस गेले होते, लग्नानंतर अकरा वर्षांनी. मी ते बघत होतो. ती भरलेली कळशी घेऊन वाट चढायची ते बघत होतो, आणि तरी बोललो नाही.

वैशाखात ती घसरली. सातवा महिना होता. खाटेवर घालून कट्ट्याला नेली, मोटार मिळेपर्यंत मी खाटेचा एक खूर खांद्यावर धरून उभा होतो. वयनी वाचली. पोर नाही. पुढेही मूल झालं नाही. आणि दादा माझ्या गळ्यात पडून रडला, माझ्या.

त्यानंतर तर बोलणं आणखी अवघड झालं. आधी फक्त विहीर होती, आता पोरही होतं. नऊ वर्षं मी त्या घरासमोरून जाताना खाली बघून गेलो.

गेल्या महिन्यात दादा आला, म्हणाला गोयंदा, खाली व्हाळाकडे नवी हीर धरूया, तू जागा दाखव, तू सांगशीत थंय खणतलंव. एवढा विश्वास.  मी सगळं सांगून टाकलं. दादा म्हणाला, माका सांगू नको, तिका सांग.

वयनी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मी बोलत होतो तोवर तिचे हात चालूच होते, एक सोल, दुसरं सोल. शेवटी म्हणाली, भावजी, माका एकटीक कित्याक सांगतास? उद्या सकाळी व्हाळार येवा. थंय सगळी आसतत.

सकाळी मी व्हाळावर उतरलो. ती वाट मी एवढ्या वर्षांत कळशी घेऊन एकदाही उतरलो नव्हतो. बायका पाणी भरत होत्या. मी पाण्यात उभा राहिलो आणि सांगितलं, पाणी तापलेलं नव्हतं, वरची विहीर चांगली आहे, मला ठाऊक होतं, मला पायातूनही काही कळत नाही. पार्वतीकाकीने कळशी खाली ठेवली. म्हणाली, इतकी वर्सा आमका ह्या चढणीर मारलंस? आनी हिचा काय रे? तिने वयनीकडे बोट केलं.

मी वयनीकडे बघितलं, नऊ वर्षांनी सरळ बघितलं, आणि हात जोडले. म्हटलं, वयनी, तुमी पडलास तेच्या आदी पाच म्हयने माका खरा म्हायत होता. तुमचा पोर माझ्या गप्प रवण्यान गेला. माका माफ करा.