जिन्याकडं पाठ

मंडळी, नमस्कार. मॅडमच्या शोकसभेला तुम्ही एवढे सगळे आलात, हॉल भरला. बरं वाटायला पाहिजे. पण खरं सांगतो, बरं वाटून न्हाई राहिलं. मॅडम होत्या तेव्हा तुमच्यातले किती जण त्यांचा जिना चढले होते?

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. मी बसलिंगप्पा. इथं लातुरात, क्लासच्या गल्लीत माझं किराणा दुकान हाय. वरच्या खोलीत वैशाली मॅडम बसायच्या. क्लासला आलेल्या पोरांच्या मनाचा आणि व्यसनाचा अभ्यास करायला, त्यांच्यावर उपचार करायला त्या नांदेडहून आल्या होत्या. गेल्या आठवड्यात झटक्यानं गेल्या.

पहिल्या दिवसापासून मला त्या बाईंचा संशय होता. का? तर त्या कोणाला गाव विचारायच्या न्हाईत. आपण पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी काय विचारतो? गाव कोणतं. मग आडनाव. मग देवणीचे असाल तर अमके तुमचे कोण? बसल्या बसल्या सोयरीक निघते. आणि या बाई पोरांना वर बसवतात, चहा पाजतात, पण कोणाचं कोण ते विचारत न्हाईत. असं माणूस कशावरून भलं?

गल्लीत लोक म्हणायचे, पोलिसांची बाई हाय. कोणी म्हणायचे, नशेच्या गोळ्या हीच विकती. मीपण हाव हाव म्हणून मान डोलवायचो.

एकदा तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "अप्पा, पोरं उपचाराला भीत नाहीत. गावाला कळेल याला भितात. गाव विचारलं की पोरगं जिना उतरतं."

कोणी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पितं, कोणी पंक्चरचं सोल्युशन हुंगतं. ही पोरं उपचार अर्ध्यात का सोडतात, हाच त्यांचा अभ्यास होता. मला म्हणाल्या, तुमचा गल्ला जिन्याकडं पाठ करून मांडा.

मी मांडला. आणि समोर आरसा लावला. हसा, हसा. तुम्ही असता तर तुम्हीपण लावला असता.

त्या आरशात एक दिवस एक चेहरा दिसला. कोणाचा ते सांगणार न्हाई. माझ्या जिवाचा होता, एवढंच. पाय न वाजवता जिना चढला. माझ्या हातात साखरेची पुडी होती, ती सांडायला लागली तरी कळलं न्हाई. गिऱ्हाइकानं हात धरला. त्याच दिवशी आरसा काढला. का काढला, हे मॅडमनी कधी विचारलं न्हाई. ते लेकरू आज बरं हाय. जेवतं, झोपतं, माझ्याशी भांडतं. मॅडम, हे तुमच्यामुळं झालं.

आता माझा संशय तुमच्यावर हाय. राग धरू नका. मॅडम गेल्यापासून लोक दुकानात दुःख सांगायला येतात आणि जाता जाता विचारतात, अप्पा, वर कोण कोण यायचं हो? यात काळजी किती आणि चौकशी किती, मला कळून न्हाई राहिलं. आत्तासुद्धा काही जण माना वळवून बघून राहिलेत, कोणाच्या डोळ्यांत पाणी हाय ते. पुढच्या रांगेला म्हणतोय मी.

आणि मॅडमची पोरं कुठं हायत? बाहेर. कुठं ते सांगणार न्हाई. तोंडाला रुमाल बांधलेत, ऊनच तसं हाय. त्यांना आत यायचंय. पण आत आलं की तुम्ही विचारणार, कुठलं रे तू? कोणाची गं तू?

मॅडमचा फोटो स्टेजवर न ठेवता मागं दारापाशी का ठेवला, असं मघाशी बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं कारण हे.

तर आता शांतता पाळू. उभे राहा. मोबाईल खिशात. तोंड माझ्याकडं, डोळे बंद. मी सांगेपर्यंत उघडायचे न्हाईत. मागं पावलं वाजतील, कोणाला हुंदका येईल. वळायचं न्हाई. एवढं तरी त्या बाईंसाठी करा.

मी माझा चष्मा काढून ठेवतो. त्याच्याशिवाय मला दारापर्यंतचं काही दिसत न्हाई.

पुढची रांग मात्र चांगली दिसते. मिटा डोळे.