‘शेवटी’ या शब्दाबाबत

नाव: गल्लीत मला पडदेवाली मावशी म्हणतात, तेच लिहावं. वय अठ्ठावन्न. धंदा पडदे शिवणे. राहणार सुताराच्या दुकानावरचा पहिला मजला.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझा मुलगा वायरमन आहे आणि सून त्याच ठेकेदाराकडे विजेचे हिशोब करते. नव्या कारखान्यात बसडक्ट टाकायची होती. बसडक्ट म्हणजे छताखालून वीज नेणारी पत्र्याची लांब पेटी. तिला जागोजागी मशिनी जोडतात. पेटी लांबत गेली की विजेचा दाब उतरतो. किती उतरेल ते सून काढते. मला तिने पाण्याच्या नळीवरून समजावलं होतं. पाणी वाटेत थोडं थोडं घेतलं तर दाबाची घट साधारण निम्मी, सगळं टोकालाच घेतलं तर पुरी.

ती हिशोबाला बसायच्या आधी मुलाचा फोन आला. सुनेचे हात साबणाचे होते, म्हणून मी घेतला. तो म्हणाला, “आई, तिला सांग, मोठ्या मशिनी शेवटी लावणार आहोत.” मी तसंच सांगितलं. माझ्या पदरचं एक अक्षर घातलं नाही.

मुलाला म्हणायचं होतं, पेटीच्या टोकाला. सुनेला वाटलं, बाकी सगळं झाल्यावर. त्या मशिनींचं नंतर बघू म्हणून तिने हिशोबात लहान मशिनीच धरल्या, लांबीभर वाटलेल्या, आणि घट निम्मी काढली.

काल दुपारी टोकाच्या मोठ्या मशिनी एकदम चालू झाल्या. दाब पडला, तिथल्या क्रेनला ओझं पेलवलं नाही आणि लोखंडी साचा खाली सरकला. खाली फिटरचा पाय होता. तो माझ्या मुलाचा शाळेपासूनचा मित्र, माझ्याच हातचं जेवून मोठा झालेला. पाय राहील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

ठेकेदाराला दोघांपैकी एकाचं नाव हवं आहे. मुलगा म्हणतो, मी कळवलं होतं. सून म्हणते, मला टोकाचं कुणी बोललं नाही. दोघंही खरं बोलतात. इथे चौकीबाहेर एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलेत, मध्ये पाण्याची बाटली, तिला कुणी हात लावत नाही. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याला अडकवायचं. मला इकडे आड, तिकडे विहीर. मी कुणाचंही नाव देणार नाही. फोनवर आलेला शब्द ‘शेवटी’ हाच होता, एवढंच मला माहीत आहे.

लिहून झाल्यावर हवालदार म्हणाले, “मावशी, आता शेवटी सही करा.”

मी विचारलं, “शेवटी म्हणजे कागदाच्या खाली, की वाचून झाल्यावर?”

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “दोन्ही.” हेही लिहून घ्या असं मी सांगितलं.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. वाचताना दार उघडं होतं, बाहेर दोघांनी ऐकला.